स्किझोअफेक्टिव्ह डिसऑर्डरची लक्षणे नेमकी कशी ओळखावीत?

आपल्या भावाचे निदान आधी बायपोलर (उन्माद आणि नैराश्याचे झटके येणारा आजार), मग स्किझोफ्रेनिया (भास आणि भ्रमांचा आजार) आणि आता या दोन्हींची लक्षणे असलेला स्किझोअफेक्टिव्ह डिसऑर्डर असे बदलले, तेव्हा डॉक्टर चुकत आहेत का, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही. सोलापुरात थोरल्या बहिणीचा हाच आजार बारा वर्षे सांभाळतो आहे. निदान बदलले म्हणजे चूकच झाली असे नसते, कारण हा आजार एका भेटीत कळत नाही. कोणते लक्षण कधी आले आणि किती दिवस टिकले, यावरून तो ओळखावा लागतो.

नसलेले आवाज ऐकू येणे किंवा कुणीतरी पाळत ठेवत असल्याची पक्की खात्री वाटणे हे तीव्र उन्मादात, म्हणजे झोप नको वाटावी इतका उत्साह आणि जोर चढतो तेव्हा, आणि खोल नैराश्यातही घडते. मात्र उन्माद वा नैराश्य नसतानाही असे भास किंवा भ्रम किमान 2 आठवडे राहिले, आणि आजाराच्या एकूण काळापैकी बहुतेक काळ उन्माद किंवा नैराश्याचीही लक्षणे असली, तर स्किझोअफेक्टिव्ह डिसऑर्डरचे निदान केले जाते.

गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत ताईने पहाटे तीनला साऱ्या गल्लीसाठी चटणी करायची म्हणून दहा किलो शेंगा भाजायला घेतल्या होत्या. महिनाभरात तो जोर ओसरला, झोप आणि जेवण सुरळीत झाले. तरीही शेजारच्या मागाच्या खटखटीत तिला आपले नाव ऐकू येई आणि हातातली भाकरी ताटात ठेवून ती भिंतीकडे पाहत बसे. मी रोज कॅलेंडरच्या चौकोनात झोपेचे तास, आवाज आले असतील तर ‘आ’, उदास असेल तर ‘उ’ असे लिहीत होतो. ती पाने पाहूनच डॉक्टरांनी निदान बदलले. आपणही आजपासून अशी नोंद ठेवावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

भावाच्या तोंडी मरणाची भाषा आली तर मात्र नोंदीत वेळ न घालवता त्याला लगेच रुग्णालयात न्यावे आणि एकटे सोडू नये. 14416 या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) क्रमांकावर रात्रीही मोफत बोलता येते.

प्रत्येक त्रास आजाराचाच असतो असेही नाही. भावाला लिथियम (मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध) चालू असेल, तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामावाटे पाणी व मीठ कमी होऊन रक्तातले त्याचे प्रमाण वाढू शकते. हात जास्त थरथरू लागले, जुलाब झाले किंवा तोल जाऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.