तुर्कस्तानातल्या अंतल्याला चार दिवस आहेत. समुद्राबरोबर कोणते प्राचीन अवशेष पाहावेत?

सगळं उरकायला जाऊ नका. आस्पेंडोसचं रोमन नाट्यगृह मात्र चुकवू नका. दुसऱ्या शतकातलं आहे आणि रंगमंचामागची भिंत अजून जवळजवळ पूर्ण उंचीची उभी आहे. मी वरच्या पायरीवर बसलो होतो, खाली कुणीतरी टाळी वाजवली ती अगदी कानाशी वाजल्यासारखी आली. सिदेचं अपोलो मंदिर सूर्यास्ताला बघा, पण पाचच खांब आहेत, तेही पुन्हा उभारलेले. अपेक्षा बेताची ठेवा. आमचं मन रमलं ते फासेलिसला. पाइनची झाडं, तीन जुनी बंदरं, आणि अवशेष पाहून झाले की तिथेच समुद्रात डुंबायचं! पोहण्याचे कपडे सोबत घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये पेर्गे या प्राचीन शहराच्या अवशेषांत भर दुपारी गेलात तर भाजून निघाल, सावली फारशी नाही. मे किंवा ऑक्टोबर बरा.