सात हजारांचं नाणं की सात हजारांची रात्र?

"मॅडम, तुम्हीच सांगा, ही उधळपट्टी नाही तर काय?"

समुपदेशक म्हणून हे वाक्य माझ्यासमोर वर्षानुवर्षं येतंय. कधी ते नवऱ्याच्या कॅमेऱ्याच्या लेन्सबद्दल असतं, कधी बायकोच्या नव्या इरकलीबद्दल, कधी मुलाच्या बुटांबद्दल. सोलापुरात ते जरा जास्तच धारदार होऊन येतं, असं माझं निरीक्षण आहे. हे कष्टाचं गाव आहे. यंत्रमागावर, विड्यांवर, टॉवेलच्या कारखान्यांवर इथली कितीतरी घरं उभी राहिली. हौसेपायी पैसा गेला की तो कुणाचा तरी चोरून घेतल्यासारखं वाटतं इथल्या माणसाला. तीच चोरी मग घरातला दुसरा माणूस पकडतो आणि भांडण सुरू होतं.

एका जोडप्याची गोष्ट सांगते. त्यांच्या परवानगीने सांगते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नवरा एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघतो, बायको शाळेत शिकवते. दोन मुलं, ‘जुळे सोलापूर’ या उपनगरात फ्लॅट, फ्लॅटचा हप्ता. लग्नाला दहा वर्षं होणार होती. बाईंनी ठरवलं होतं की त्या दिवशी मुलांना आईकडे ठेवायचं, गावातल्या एखाद्या चांगल्या हॉटेलात जेवायचं आणि तिथंच मुक्काम करायचा. खर्च साधारण सात हजार. नवरा म्हणाला, "एका रात्रीला सात हजार? सकाळी हातात काय राहणार?" बेत रद्द झाला. आणि त्यानंतर पंधरवड्यातच कुरिअरने एक नाणं घरी आलं. किंमत सात हजार.

पहिल्या भेटीत दोघांकडेही युक्तिवाद तयार होते. नवरा म्हणाला, "मॅडम, जेवण पचून जातं. नाणं राहतं, आणि त्याचा भाव वाढतो. ही गुंतवणूक आहे." बायको म्हणाली, "हे रात्री जेवणं झाली की भिंग घेऊन बसायलेत. डबा कपाटात, किल्ली खिशात. मी वाचलंय, पैसा वस्तूंवर नाही, अनुभवांवर खर्च करावा. नातं टिकवायचं तर बाहेर जायलाच पाहिजे."

बाईंनी वाचलेलं खोटं नव्हतं. व्हॅन बोव्हेन आणि गिलोविच या दोन मानसशास्त्रज्ञांचा २००३ सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे. वस्तूंपेक्षा अनुभवांवर केलेल्या खर्चाने आपण जास्त आनंदी झालो, असं त्यात लोकांनी सांगितलं होतं. पण घरातल्या भांडणात संशोधन आणलं की ते दंडुक्यासारखं वापरलं जातं. शिवाय नाणी जमवणाऱ्या माणसाच्या बाबतीत वस्तू कुठे संपते आणि अनुभव कुठे सुरू होतो, हे बाहेरून कोण ठरवणार?

मी नवऱ्याला एकच विचारलं. "नाणी किती वर्षं जमवताय?"

"कॉलेजपासून."

"आतापर्यंत विकली किती?"

ते गप्प झाले. "एकही नाही," ते म्हणाले. मग घाईने, "पण विकली तर..."

"विकायची आहेत?"

"नाही."

इतक्या वर्षांच्या कामाने मला एक नजर दिली आहे. माणूस खर्चाचं समर्थन जितकं जोरात करतो, तितकं त्याच्या मनात खोलवर स्वतःबद्दलच काहीतरी खुपत असतं. गुंतवणूक विकायची असते. जे कधीच विकायचं नाही, ते आपण आवडतं म्हणून घेतो. पण "मला आवडतं म्हणून घेतलं" हे वाक्य या गृहस्थांच्या तोंडून निघतच नव्हतं.

ते का निघत नव्हतं, हे पुढच्या भेटींत उलगडलं. वडील गिरणी कामगार. नव्वदच्या दशकात गिरणी बंद पडली तेव्हा हे शाळेत होते. भोंगा थांबला आणि घरातलं बोलणंही थांबलं, असं ते म्हणाले. आई विड्या वळायला लागली. "आईनं आयुष्यात कधी हॉटेलात खाल्लं नाही. मी खायला बसलो की घास उतरत नाही." म्हणून मेनूकार्ड हातात आलं की त्यांची नजर आधी उजवीकडच्या आकड्यांवर जाते. पदार्थ नंतर.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारसरणीत घडले आहे. परिस्थिती जेवढी छळते, त्याहून जास्त छळते तिच्याबद्दल आपण मनात धरून ठेवलेली समजूत, असं मी मानते. इथे ती समजूत स्वच्छ दिसत होती. स्वतःच्या आनंदासाठी खर्च करणारा माणूस बेजबाबदार असतो. गिरणी बंद पडलेल्या घरात ती समजूत कामाची होती, तिने त्या घराला तारलं. आता ती एका चालत्या संसारात दोघांनाही कोंडत होती.

"घराचा हप्ता कधी चुकला?" मी विचारलं.

"कधीच नाही."

"मुलांची फी?"

"नाही."

"आईचं औषधपाणी?"

"अहो, काय विचारता मॅडम!"

"मग बेजबाबदार कुठल्या हिशेबाने? तुम्ही अकाउंट्सचे. नोंद दाखवा."

नोंद सापडली नाही. ते बराच वेळ हातांकडे बघत बसले. अशा वेळी समुपदेशकाने बोलू नये. मी बोलले नाही.

पण खरी गाठ सुटली ती त्यानंतरच्या भेटीत. मी त्यांना सांगितलं होतं, ते सात हजारांचं नाणं घेऊन या आणि मला नव्हे, बायकोला दाखवा. भाव सांगायचा नाही, एवढीच अट.

ते १९११ सालचं पंचम जॉर्जच्या चित्राचं चांदीचं रुपयाचं नाणं होतं. पुठ्ठ्याच्या छोट्या चौकटीत बसवलेलं. त्यांनी भिंग बायकोच्या हातात दिलं आणि म्हणाले, "त्याच्या झग्यावर साखळी आहे बघ. त्यात एक प्राणी आहे. कुठला?"

बाईंनी नाखुशीने डोळा लावला. "डुक्कर आहे की!"

आणि हा माणूस हसला. पहिल्यांदाच, अगदी मोकळा. "तेव्हाही लोक हेच म्हणाले! आहे तो हत्ती. पण सोंड अशी आखूड कोरली गेली की सगळ्यांना डुक्करच दिसलं. केवढा गहजब झाला. सरकारला नाणी मागे घ्यावी लागली, कितीतरी वितळवली. पुढच्या वर्षी हत्ती नीट कोरला. घरी १९१२ चा रुपया आहे, दोन्ही शेजारी ठेवून दाखवतो तुला. म्हणून याला सगळे पिग रुपी म्हणतात." मग तोळाभर वजन, मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींतला फरक, आपल्या शिवराईवरची ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपती’ ही अक्षरं, विजापूरच्या आदिलशाहीतली केसांच्या आकड्यासारखी दिसणारी चांदीची ‘लारी’ नाणी. दहा मिनिटं ते बोलत होते. मी खोलीत आहे हे ते विसरले होते. सगळं बायकोकडे बघून चाललं होतं.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, सात हजार आठवले. पण त्या म्हणाल्या, "असं बोलतच नाहीत हे घरी. दहा वर्षांत मला एक नाणं दाखवलं नाही. मला वाटायचं, कपाटात पैसे ठेवलेत. तिथं हे एवढे असतात, हे मला माहीतच नव्हतं."

त्या क्षणी मला जे उमगलं, ते मी तेव्हापासून अनेक जोडप्यांबरोबर वापरलं आहे. आपल्या आनंदाला आपण दुसरं भारदस्त नाव दिलं, की तो कुणाबरोबर वाटून घ्यायची सोय राहत नाही. गुंतवणुकीचा हिशेब देता येतो. पण तिच्याकडे बघून हसायला कुणी बायकोला बोलावत नाही. "गुंतवणूक आहे" या वाक्याने या माणसाने स्वतःला अपराधीपणातून वाचवलं आणि त्याच वाक्याने बायकोला बाहेर ठेवलं. बाईंचा राग पैशावर कमी आणि त्या बंद कपाटावर जास्त होता.

मग त्यांच्याकडे वळणं भाग होतं, कारण एकाच माणसाला तपासून संसार कळत नाही. "तुम्ही म्हणता, नातं टिकवायला बाहेर जायला पाहिजे. ते क्षणभर बाजूला ठेवा. हॉटेलात तुम्हाला काय आवडतं?"

त्यांनी आधी वातावरण, सजावट असं काहीबाही सांगितलं. मी थांबले. मग हळूच आलं, "तिथं मला मधेच उठावं लागत नाही. गरम भाकरी माझ्या ताटात कुणीतरी आणून वाढतं. आणि हे समोर असतात, फोन खाली ठेवून."

नवरा म्हणाला, "मला वाटायचं हिला थाटमाट पाहिजे. मैत्रिणींना सांगायला."

"मला कधी विचारलंत?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

म्हणजे त्यांचीही तीच गत. "मला एक रात्र उठायचं नाही" असं म्हणायला एका नोकरदार, कर्त्या बाईला लाज वाटत होती. म्हणून नातं, अनुभव, लोकरीत असे मोठे शब्द पुढे केले गेले होते.

यानंतरचं काम व्यवहाराचं होतं, आणि व्यवहाराला मी कमी लेखत नाही. मन मोकळं झालं तरी महिनाअखेर येतेच. माझ्याकडे येणाऱ्या सगळ्यांना मी जे सांगते, तेच यांना सांगितलं. आधी हप्ता, फी, विमा, म्हाताऱ्या माणसांचं औषध आणि अडीनडीला हाताशी असावी अशी काही महिन्यांच्या खर्चाची शिल्लक. त्यातून उरेल त्यात दोघांचा स्वतःचा हौसेचा हिस्सा, आणि तो सारखा. पगार कुणाचा किती, हा प्रश्न इथे आणायचा नाही. घरी राहणारी बाई असेल तरी तिचा हिस्सा तेवढाच. त्या पैशाचं काय केलं, हे विचारायचं नाही. सांगावंसं वाटलं तर आनंदाने सांगायचं. यांनी महिन्याला प्रत्येकी पंधराशे ठरवले. सात हजारांची गोष्ट हवी तर जवळपास पाच महिने साठवायचं. हा थांबण्याचा काळ फार उपयोगी असतो, कारण अर्ध्या इच्छा त्यातच गळतात आणि उरतात त्या खऱ्या असतात. उधारीवर किंवा क्रेडिट कार्डाच्या हप्त्यावर मात्र ना नाणं, ना हॉटेल.

नाण्यांची हौस असलेल्यांना आणखी थोडं सांगते, कारण या एका घराने मला बरंच शिकवलं. भाव वाढेल या भरवशावर घेऊ नका. विकायला गेलं की व्यापारी आपला नफा काढूनच भाव देतो. त्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, त्यात चांदी पावणेअकरा ग्रॅमच्या आत. बाकीची किंमत त्या हत्तीच्या गोष्टीची आहे, आणि गोष्टीची किंमत घेणाऱ्यागणिक बदलते. वजन करून, पावतीसह घ्या. चिंच किंवा पावडर लावून घासू नका, चकाकी येते आणि किंमत जाते. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात, परदेशातल्या भावाला भेट म्हणून ती पाठवता येत नाहीत. आणि "तुमच्या जुन्या नाण्याचे लाखो देतो, आधी कमिशन भरा" असा फोन आला तर तो ठेवून द्या. अशा व्यवहारांत रिझर्व्ह बँकेचं नाव आणि चिन्ह वापरून फसवणूक होते, असा इशारा खुद्द बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता.

हे जोडपं शेवटचं आलं तेव्हा हॉटेलात जाऊन आलं होतं. लग्नाचा वाढदिवस कधीच उलटून गेला होता. खर्च दोघांच्या हिश्श्यातून निम्मा-निम्मा, हे त्यांनी माझ्याशिवाय ठरवलं, याचं मला विशेष समाधान आहे. मेनूकार्ड बाईंनी स्वतःकडे ठेवलं आणि नवऱ्याला फक्त पदार्थ वाचून दाखवले. त्यांना आजही ते बिल जास्तच वाटतं. बाईंना आजही नाण्यांत विशेष रस नाही, पण नवीन काही आलं की भिंग आधी त्यांच्या हातात जातं. दोघांची आवड एक व्हावी, असा माझा प्रयत्न कधीच नव्हता.

मात्र प्रत्येक घरातलं भांडण असं सुटणारं नसतं, हे लक्षात ठेवा. खरेदी लपवली जात असेल, किंमत नेहमी कमी सांगितली जात असेल, हौसेपायी दागिने गहाण पडले असतील, थांबायचं ठरवूनही हात थांबत नसेल, किंवा दर शनिवारच्या पार्टीसाठी मित्रांकडून उसने घेतले जात असतील, तर प्रश्न आवडीनिवडीचा राहिलेला नाही. अशा वेळी "हौस असते एकेकाला" म्हणून सोडून देऊ नका आणि आरडाओरडाही करू नका. देणं कुणाचं किती, हे आधी एका कागदावर दोघांनी मिळून लिहा आणि तो कागद घेऊनच समुपदेशकाकडे जा.