जीटीए फाइव्ह या गेमची सेटिंग्ज फाइल सेव्ह होत नाही, झाली तरी टिकत नाही, काय करावं?

तुमच्या प्रश्नात दोन वेगळी दुखणी आहेत. मिरजेच्या मित्राची 'सेटिंग्ज डॉट एक्सएमएल' पेनड्राइव्हवरून आणून तुम्ही तिच्यात स्क्रीनचं रिझोल्यूशन 1366 बाय 768 केलं. ती सेव्ह होते, पण गेम उघडला की सगळं मूळपदावर. आणि गेमच्या फोल्डरमध्ये 'कमांडलाइन डॉट टीएक्सटी' (सुरू होताना गेम ज्यातल्या सूचना वाचतो ती फाइल) करायला गेलात की नोटपॅड परवानगी नाही म्हणतं.

परवानगीचं आधी. गेम सी ड्राइव्हच्या प्रोग्रॅम फाइल्समध्ये आहे. 2007 च्या विंडोज व्हिस्टापासून साध्या पद्धतीने उघडलेल्या नोटपॅडला तिथे लिहिता येत नाही, खातं अॅडमिनचं असलं तरी. त्यामुळे फाइल डेस्कटॉपवर बनवा, सेव्ह करा आणि कॉपी करून गेमच्या फोल्डरमध्ये पेस्ट करा. 'कंटिन्यू' विचारलं की दाबा. नोटपॅड 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर'ने उघडलं तरी चालतं, पण मग एक्सप्लोररमधून ओढून टाकलेली फाइल ते घेत नाही, फाइल मेन्यूतल्या ओपनमधूनच उघडावी लागते. यूट्यूबवर सांगतात तसं फोल्डरची मालकी बदलणं किंवा यूएसी (मोठा बदल करण्याआधी परवानगी विचारणारी विंडोजची सोय) बंद करणं कृपया नको. एका फाइलसाठी अख्ख्या मशीनचं दार उघडं टाकण्यासारखं आहे ते.

एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा. नाहीतर 'टीएक्सटी' दोनदा लागलेली फाइल तयार होते, दिसायला बरोबर दिसते आणि गेम तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

आता टिकत का नाही ते. सेटिंग्ज फाइल शेवटपर्यंत वाचा. तळाशी व्हिडिओ कार्डाच्या वर्णनाची ओळ आहे आणि तिच्यात मित्राच्या कार्डाचं नाव आहे. तुमच्या मशीनमधलं कार्ड वेगळं, म्हणून गेम ती फाइल परकी समजून सेटिंग्ज पुन्हा स्वतः ठरवतो. तुमच्या बदलात चूक काहीच नाही, फाइलच दुसऱ्याची आहे.

मित्राची फाइल बाजूला काढा. गेम एकदा मेन्यूपर्यंत चालवून नीट बंद करा, म्हणजे डॉक्युमेंट्स, रॉकस्टार गेम्स, जीटीए फाइव्ह इथे तुमच्या कार्डाची ताजी फाइल तयार होईल. वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) चालू असेल तर हेच डॉक्युमेंट्स वनड्राइव्हच्या आत सापडतं. दोन जागी दोन फाइली असतील तर तारीख-वेळ पाहून ताजी ओळखा. तिची प्रत करून ठेवा. सांगलीत ऐन सेव्ह करताना लाइट गेली आणि फाइल शून्य केबीची झाली, तर हीच प्रत कामी येते. मग स्क्रीनविड्थ आणि स्क्रीनहाइट या दोन ओळींत फक्त अवतरणचिन्हांतले आकडे बदला. चिन्हं साधी, सरळच हवीत. मोबाइलवरून किंवा वर्डमधून चिकटवलेली वळणदार चिन्हं आली की गेमला फाइल वाचता येत नाही. हे करताना गेम पूर्ण बंद पाहिजे, कारण बाहेर पडताना तो स्वतःच्या सेटिंग्ज या फाइलवर लिहू शकतो. शंका असेल तर टास्क मॅनेजर बघा.

फाइल 'रीड-ओन्ली' आहे असा संदेश आला तर प्रॉपर्टीजमधली ती खूण काढा. बदल पक्के राहावेत म्हणून बरेच जण ती खूण मुद्दाम लावतात. पण मग गेमच्या मेन्यूतून केलेले बदलही टिकत नाहीत.

एवढ्यानंतरही मेन्यूतले बदल राहत नसतील, तर विंडोज सिक्युरिटीच्या रॅन्समवेअर प्रोटेक्शनमध्ये 'कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस' चालू आहे का पाहा. ते डॉक्युमेंट्समध्ये अनोळखी प्रोग्रॅमला लिहू देत नाही. तेही बंद करू नका, 'अलाउ अॅन अॅप'मध्ये गेमची ईएक्सई, म्हणजे गेम सुरू करणारी फाइल, जोडा.