जुनी रोटरी दारात आली, पहिला पैसा कशावर?

या महिन्यात आलेले बरेच प्रश्न माझदाच्या रोटरी गाड्यांचे आहेत, म्हणजे ज्यांच्या इंजिनात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो त्या गाड्यांचे. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली दिली आहेत.

प्रश्न : १९९३ची आरएक्स-७ (तिसरी पिढी, ट्विन टर्बो, हातगिअर) नुकतीच घेतली. ७८ हजार मैल झालेत, इंजिन मूळचंच आहे असं विकणारा म्हणतो. मोठा एक्झॉस्ट आणि उघडा एअर फिल्टर आधी लाव, असं धाकट्या भावाचं म्हणणं आहे. सुरुवात कुठून करू? — एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

उत्तर : भावाला थोडं थांबवा. ही गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाच २५५ अश्वशक्ती देत होती आणि तिचं वजन जेमतेम १३०० किलोच्या आसपास. ताकद कमी पडली म्हणून या गाड्या भंगारात गेल्या नाहीत. तापल्या म्हणून गेल्या.

रोटरीत पेटणं नेहमी हाउसिंगच्या एकाच बाजूला, प्लगांपाशी होतं. ती बाजू कायम भाजत असते आणि ताजी हवा येते ती बाजू त्या मानाने गार राहते. त्यातून रोटर हाउसिंग ॲल्युमिनियमची आणि बाजूच्या प्लेटा बिडाच्या, म्हणजे दोन्ही सारख्या फुगत नाहीत. त्यांच्या सांध्यात पाणी अडवणारे रबरी कुलंट सील बसलेले असतात. एकदा इंजिन जबर तापलं की हे सील जातात, आणि मग इंजिन खाली उतरवून पूर्ण उघडावंच लागतं.

म्हणून पहिला खर्च कॉम्प्रेशन (इंजिन आत हवा किती दाबतं ते) तपासण्यावर करा, तोही रोटरीच्याच टेस्टरने. एका रोटरला तीन तोंडं (बाजू) असतात, म्हणजे दोन रोटरांचे सहा आकडे मिळायला हवेत. साधा पिस्टन इंजिनचा टेस्टर तिघांतला सर्वांत मोठा आकडाच धरून ठेवतो आणि मेलेलं तोंड त्याच्या आड लपतं. इंजिन गरम असताना, स्टार्टरने २५० आरपीएमला फिरवून प्रत्येक तोंडाला किमान १०० पीएसआय दाब दिसला पाहिजे. एकाच रोटरच्या तोंडांत २० पीएसआयहून जास्त फरक नको. आकडे याखाली असतील तर पुढचं काहीच विकत घेऊ नका, पैसे इंजिनसाठी बाजूला ठेवा. कुलंट सीलसाठी वेगळी खूण पाहा : थंड इंजिन चालू करून पाणी भरायचं झाकण उघडं ठेवलं आणि बुडबुडे थांबतच नाहीत, किंवा सकाळी पहिल्यांदा चालू करताना गोडसर वासाचा पांढरा धूर येतो, तर सील संपत आलेत.

आकडे चांगले निघाले तर बॉनेटखाली काळ्या प्लास्टिकची छोटी टाकी शोधा. कुलंटमधली हवा वेगळी करणारी ही टाकी (लोक तिला एएसटी म्हणतात) उष्णतेने ठिसूळ होते आणि सांध्यावर चिरते. तिच्या जागी ॲल्युमिनियमची बसवा. या गाडीवर करायचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा बदल हाच. टाकीवरचं दाबाचं झाकण नवीन घ्या आणि इंजिनवरच्या भरायच्या तोंडाचं साधं झाकण त्याच्याशी अदलाबदल होऊ देऊ नका. दाबाचं झाकण चुकीच्या जागी गेलं की यंत्रणेतली हवा नीट निघत नाही. रेडिएटरच्या बाजूच्या प्लास्टिक टाक्याही त्याच वयाच्या आहेत, त्यामुळे जमलं तर पूर्ण ॲल्युमिनियमचा रेडिएटर याच वेळी टाकून घ्या.

भरताना गाडीचं नाक वर करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, कुलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं घ्या. इंजिन चालू ठेवून वरची रबरी नळी हाताने दाबत राहा म्हणजे अडकलेली हवा वर येते. दुसऱ्या दिवशी थंड असताना पातळी पुन्हा पाहा, बहुधा थोडी भर घालावी लागते.

नंतर पाण्याच्या तापमानाचा खरा मीटर लावा. मूळचा काटा मुद्दाम मधोमध उभा राहील असा केलेला आहे. तो हलतो तोवर उशीर झालेला असतो. नव्या मीटरचा सेन्सर थर्मोस्टॅटच्या घरात बसवता येतो. थर्मोस्टॅट ८२ अंशाला उघडतो, चालत्या गाडीत ८५ ते ९५ अंश ठीक. १०५ला ॲक्सिलरेटर सोडा, ११०ला गाडी बाजूला घ्या. आणखी एक गंमत : रेडिएटरचे पंखे एसी बंद असताना जवळपास १०५ अंशापर्यंत फिरतच नाहीत. कमी तापमानाला चालू होणारा थर्मोस्विच बसवा. तो येईपर्यंत ट्रॅफिकमध्ये एसी चालू करा, पंखे लगेच फिरू लागतील.

दुसरा मीटर बूस्टचा, म्हणजे टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेच्या दाबाचा. त्याची नळी इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) स्वतंत्र तोंडाला जोडा. इंजिनच्या कम्प्युटरला दाब कळवणाऱ्या सेन्सरच्या नळीला टी-जोड मारू नका, कारण तिथे गळती झाली तर पेट्रोल मोजण्यातच चूक होईल. धडधाकट इंजिन शांत चालताना पाऱ्याचे १६ ते १८ इंच व्हॅक्यूम दाखवतं. आकडा १२-१३वर लटकत असेल तर नळीची गळती किंवा थकलेलं इंजिन, दोन्ही शक्यता तपासा.

आता भावाचा एक्झॉस्ट. कॅलिफोर्नियात १९७६ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग (धुराची) तपासणी लागते आणि त्यात भाग डोळ्यांनीही पाहतात. टर्बोला लागून असलेला छोटा प्री-कॅट (कॅट म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून त्या जागी साधी नळी, म्हणजे डाउनपाइप लावला की गाडी तिथेच नापास. कॅटच्या मागचा मफलर बदलायला हरकत नाही, आवाज ९५ डेसिबलच्या आत राहिला म्हणजे झालं. उघडा फिल्टर मात्र नकोच. तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो, आणि ताप कमी करण्यासाठी तर हा सगळा खटाटोप चालला आहे.

प्रश्न : माझ्या ९४च्या आरएक्स-७मध्ये आधीच्या मालकाने डाउनपाइप, एक्झॉस्ट आणि इनटेक बसवले आहेत, कम्प्युटर मूळचाच आहे. गाडी भन्नाट पळते. काही करायची गरज आहे का? — ह्यूस्टन

उत्तर : आहे, आणि ती आजच. बूस्ट मीटर लावून एकदा पाहा. मूळ गाडीत बूस्ट १०-८-१० पीएसआय असा चढतो-उतरतो : पहिला टर्बो १०पर्यंत नेतो, ४५०० आरपीएमच्या आसपास दुसरा आत येताना आकडा ८वर घसरतो आणि पुन्हा १० होतो. हे तिन्ही बदल एकत्र आले की धूर इतक्या सहज निघतो की वेस्टगेट ही झडप टर्बोला टाळून पुरेसा धूर बाजूला वळवू शकत नाही आणि बूस्ट आपोआप १२-१४वर सरकतो. मूळ कम्प्युटरला या दाबाचं गणित माहीत नाही. मिश्रण पातळ पडतं, इंजिन ठोकतं (मिश्रण अवेळी भडकतं), आणि रोटरीत एकच जोराचा ठोका अपेक्स सील (रोटरच्या टोकावरची पट्टी) तोडायला पुरतो. तुटलेला तुकडा बाहेर जाताना टर्बोचं चाकही घेऊन जातो.

तोवर बूस्ट १०च्या पुढे जाऊ देऊ नका, म्हणजे पाय हलका ठेवा. ९३ ऑक्टेनच भरा. कायमचा उपाय म्हणजे बदलता येणारा कम्प्युटर. त्यात दुसऱ्या कुणाचा नकाशा (किती पेट्रोल आणि कधी ठिणगी, याचा तक्ता) तसाच टाकू नका. वाइडबँड सेन्सर (धुरावरून मिश्रण मोजणारा) लावून डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) तुमच्या गाडीचाच नकाशा करून घ्या, पूर्ण बूस्टला हवा-पेट्रोल प्रमाण ११च्या आसपास राहू द्या. सोबत वेस्टगेटचं छिद्र मोठं करून घ्या, नाहीतर बूस्ट सरकतच राहील. तुमच्याकडे तपासणी ढिली असली तरी रस्त्यावरच्या गाडीतून कॅट काढायला केंद्राच्या स्वच्छ हवा कायद्याची मनाई आहे. मागचा मुख्य कॅट जागेवर आहे ना, तेही बघा.

प्रश्न : साडेचार हजारांच्या पुढे दुसरा टर्बो येतच नाही, गाडी झोपते. टर्बो गेला असेल का? — एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : बहुतेक वेळा टर्बो ठीक असतो, दोष रबरी नळ्यांत असतो. दोन टर्बोंचा खेळ सोलेनॉइड (विजेवर चालणाऱ्या झडपा), एकमार्गी झडपा आणि सत्तरेक बारीक नळ्यांवर चालतो. इनटेक मॅनिफोल्डखालचं ते जंजाळ ३० वर्षं भाजलंय. नळी वाकवली की चिरते किंवा तोंडावरून निसटते.

वरचा मॅनिफोल्ड उतरवा, त्याचं नवं गॅस्केट आधीच आणून ठेवा. ४ मिमीची सिलिकॉन नळी १५ मीटर आणि थोडी ६ मिमीची लागेल. एका वेळी एकच नळी काढा आणि तिच्याच लांबीची नवी बसवा. सगळ्या काढून मग आकृती पाहत बसलात तर शनिवार-रविवार गेला म्हणून समजा. काही नळ्यांच्या आत बारीक छिद्राची गोळी असते. जुनी नळी टाकण्याआधी चिमटीत दाबून पाहा, कडक लागलं तर ती गोळी नव्या नळीत घाला. ती राहिली तर बूस्टचं नियंत्रण बिघडतं. एकमार्गी झडप तोंडाने फुंकून तपासा : एका बाजूने हवा जावी, दुसऱ्या बाजूने अजिबात नाही. सोलेनॉइडना बॅटरीचे १२ व्होल्ट क्षणभर देऊन टक् असा आवाज येतो का ते ऐका.

एवढं उघडलंच आहे तर पेट्रोल रेलवरचा पल्सेशन डँपर (पेट्रोलच्या दाबाचे धक्के शोषणारा) आणि तिथल्या पेट्रोलच्या रबरी नळ्याही बदला. जुना डँपर गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकवतो आणि गाडी पेटते. पेट्रोलच्या नळ्यांना सिलिकॉन चालत नाही, इंजेक्शनच्या दाबाचीच नळी घ्या.

प्रश्न : रोटरीत सिंथेटिक ऑइल घालू नये, पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळावं, हे खरं का? — डॅलस

उत्तर : पहिल्यावर दोन्ही बाजूंनी भांडणं आहेत. मूळ ऑइल मीटरिंग पंप चालू असेल तर साधं मिनरल ऑइल घेऊन दर ३००० मैलांना बदला, प्रश्न मिटतो. हा पंप मुद्दाम थोडं ऑइल इंजिनात जाळायला देतो, त्यामुळे पातळी खाली येणं हे तब्येतीचं लक्षण आहे. हजार मैलांत ती तसूभरही हलली नाही तर पंप तपासा. टू-स्ट्रोक मिसळणं फायद्याचंच : पंप चालू असेल तर लिटरला ४ मिली, पंप काढला असेल तर ८ मिली. ७६ लिटरच्या टाकीला म्हणजे ३०० किंवा ६०० मिली. ऑइल आधी ओता, पेट्रोल वरून भरा.

प्लग चार असतात. खालचे दोन बीयूआर-७ईक्यू, वरचे दोन बीयूआर-९ईक्यू. वायरींवर एल१, टी१ असं लिहिलेलं असतं (एल म्हणजे खालचा, टी म्हणजे वरचा), ते बघूनच जोडा.

प्रश्न : अमेरिकेतली जुनी आरएक्स-७ पुण्यात आणता येईल का? — कोथरूड

उत्तर : नाही. भारतात आयात होणारी वापरलेली गाडी तीन वर्षांहून जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे लागतं. अमेरिकेतली गाडी दोन्हीत बसत नाही.

प्रश्न : २००४ची आरएक्स-८ घेतली, सहा-स्पीड. गरम असताना चालू व्हायला खूप वेळ घेते. कोणते बदल आधी करू? — मेलबर्न

उत्तर : गरम इंजिन चालू व्हायला कुरकुरणं ही या गाडीत कमी कॉम्प्रेशनची नेहमीची खूण आहे, तेव्हा आधी तीच टेस्ट. आकडे काठावर असले तरी काही काळ निभावता येतं. सुरुवातीच्या गाड्यांचा स्टार्टर अशक्त आहे, माझदाने नंतर दिलेला जोरकस स्टार्टर आणि चांगली बॅटरी घाला. चारही इग्निशन कॉइल एकदम बदला. एखादा मेला की न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं, कॅट वितळून तुंबतो आणि तुंबलेला कॅट इंजिन भाजतो. प्लग आरई७सी-एल खाली, आरई९बी-टी वर.

थंड गाडी दोन मिनिटांसाठी चालू करून बंद करू नका, चेंबरमध्ये पेट्रोल साचतं. साचलंच तर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून आठ-दहा सेकंद स्टार्टर मारा, या स्थितीत इंजेक्टर बंद राहतात. स्टार्टरला मिनिटभर विश्रांती देऊन पुन्हा तसंच करा. तरीही पेटली नाही तर प्लग काढून वाळवा, त्या छिद्रांतून प्रत्येक रोटरला चमचाभर इंजिन ऑइल सोडा, प्लग परत लावून सुरू करा. पहिली पाच मिनिटं धुराचा लोट येईल, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.