ब्रिटिश पेन्शन घेऊन कोणत्या देशात राहायला जावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही दोघं ब्रिटिश नागरिक, वय ६५ आणि ६३, एकतीस वर्षं लेस्टरमध्ये. थंडीला कंटाळलात. पुणे, गोवा, स्पेन, पोर्तुगाल की टोरांटोला मुलीजवळ, हे ठरत नाहीये.

मी लंडनमधल्या वेंब्लीची. आम्ही २०२१ च्या शरद ऋतूत घर विकून स्पेनला गेलो आणि २०२४ च्या उन्हाळ्यात मी एकटी परत आले. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आधी पैशांचं बोलू. ब्रिटनची सरकारी पेन्शन जगात कुठेही मिळते, पण दरवर्षी एप्रिलमध्ये होणारी वाढ सगळीकडे मिळत नाही. युरोपियन युनियनचे देश, स्वित्झर्लंड, अमेरिका, तुर्कस्तान, फिलिपिन्स, मॉरिशस अशा ठरावीक ठिकाणी मिळते. भारत, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, थायलंड इथे नाही. तिथे कायमचं राहायला गेलात की ज्या आकड्यावर गेलात तिथेच पेन्शन थिजते. यामागे तर्क शोधू नका, जुन्या करारांची भानगड आहे. अमेरिकेत डेट्रॉइटमध्ये राहणाऱ्या म्हाताऱ्याची पेन्शन वाढते, नदीपलीकडे कॅनडातल्या विंझरमधल्याची वाढत नाही. लोक कोर्टात गेले, पार स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत, आणि २०१० मध्ये तिथेही हरले. अ‍ॅन पक्रिज नावाच्या आजी दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होत्या. २००१ मध्ये मुलीजवळ कॅनडात गेल्या आणि त्यांची पेन्शन आठवड्याला ७२.५० पौंडांवर अडकली. शंभरीला टेकल्या तरी आकडा तोच होता आणि त्या लंडनला येऊन भांडत होत्या. टोरांटोचा विचार करताना हे डोक्यात असू द्या.

पुण्याचंही तेच. आमचे एक स्नेही २०१६ मध्ये पेन्शन सुरू झाल्या झाल्या कोल्हापूरला परतले. तेव्हा पूर्ण पेन्शन आठवड्याला १५५.६५ पौंड होती. एप्रिल २०२६ पासून ती २४१.३० आहे. त्यांना अजून १५५.६५ च येतात. म्हणजे आठवड्याला ८५ पौंडांचा फरक, वर्षाला जवळजवळ साडेचार हजार. ते म्हणतात, अहो, पण तेव्हा पौंड पंच्याण्णवला होता, आता एकशेवीसच्या पुढेमागे आहे, चाललंय की. चाललंय खरं, पण दहा वर्षांत रुपयात सव्वापटच वाढ झाली, आणि कोल्हापुरातली कामवाली, डॉक्टर आणि दूध सव्वापटीवर थांबलेले नाहीत. ते इंग्लंडला मुलाकडे आले की मुक्कामापुरती पेन्शन पूर्ण होते आणि परत गेले की पुन्हा जुन्या आकड्यावर. वहिनी त्याला ‘माहेरपणाची साडी’ म्हणतात.

मॉरिशसचं नाव घेतलं ते उगाच नाही. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला मराठी समाज आहे, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, गाड्या डावीकडून चालतात आणि पेन्शन वाढते. आपल्या लोकांच्या हे गावीही नसतं. फक्त दवाखान्याचा खर्च तुमचा तुम्हाला सोसावा लागतो, ब्रिटन तो उचलत नाही.

आणि खरी मेख दवाखान्यातच आहे. एनएचएस, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, आपल्याला मिळते ती इथे राहतो म्हणून, आयुष्यभर पगारातून नॅशनल इन्शुरन्सचा हप्ता भरला म्हणून नाही. हे पन्नासजणांना सांगून झालं, तरी प्रत्येकाला नवीन वाटतं. कायमचं बाहेर गेलात की हक्क गेला. परत राहायला आलात की पहिल्या दिवसापासून पुन्हा मिळतो, एवढी सोय आहे. युरोपात मात्र एस-वन नावाचा कागद असतो. सरकारी पेन्शन सुरू झालेल्या माणसाला तो मिळतो आणि मग तिथल्या सरकारी दवाखान्यात तुम्ही तिथल्या पेन्शनरासारखे, बिल ब्रिटन भरतं. ब्रेक्झिटनंतरही हे चालू आहे. आमच्या ह्यांच्या नावावर एस-वन होता आणि मी त्यांच्यावर अवलंबून म्हणून त्यात. स्पेनमध्ये औषधाच्या किमतीचा दहावा हिस्सा द्यावा लागायचा. इंग्लंडमध्ये साठीनंतर प्रिस्क्रिप्शन फुकट, त्यामुळे पहिल्यांदा फार्मसीत युरो मोजताना ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण रक्कम किरकोळ असायची. भारतासाठी असा कुठलाच कागद नाही. तिथे पासष्टीनंतर नवा आरोग्य विमा घ्यायला २०२४ पासून वयाची आडकाठी नाही, पण हप्ता विचाराल तर खुर्ची धरून बसा, आणि आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबायला लावतात.

आता स्पेनचा व्हिसा. २०२० संपायच्या आत, म्हणजे ब्रेक्झिट पूर्ण लागू होण्याआधी गेलो असतो तर काहीच लागलं नसतं. आम्ही वर्षभर उशीर केला. आता ब्रिटिश माणूस तिथे परकाच: एकशेऐंशी दिवसांत नव्वद दिवस, त्यापुढे व्हिसा. काम न करता राहणाऱ्यांच्या व्हिसासाठी एकट्याला महिना २४०० युरो उत्पन्न दाखवावं लागतं आणि जोडीदाराचे वर ६०० मागतात. हिशेब करून बघा. दोघांना पूर्ण सरकारी पेन्शन असली तरी महिन्याला दोन हजार नव्वद पौंड होतात, म्हणजे २४०० युरोच्या आसपास. ३००० ला पोचत नाही. ह्यांची कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, नोकरीची पेन्शन होती म्हणून आमचं जमलं. तुमची नोकरीची पेन्शन किती ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यावर बरंच अवलंबून आहे. पोर्तुगालचा व्हिसा स्वस्तात पडतो: तिथल्या किमान वेतनाएवढं उत्पन्न, २०२६ मध्ये ९२० युरो, आणि जोडीदारासाठी त्याच्या निम्मं. पेन्शनरांना करात सवलत देणारी तिथली योजना मात्र २०२४ पासून नव्या लोकांना बंद झाली, जुने लेख वाचून फसू नका. स्पेनमध्येही आपली आयसा, म्हणजे ब्रिटनमधलं करमुक्त बचत खातं, करमुक्त नाही, हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं.

(जाता जाता: स्विंडनला आमच्या ओळखीचं एक गोव्याचं कुटुंब आहे. आजोबा पोर्तुगीज राजवटीत जन्मलेले, त्यामुळे सगळ्यांकडे पोर्तुगीज पासपोर्ट. त्यांना यातलं काही लागत नाही, बॅग भरली की निघाले. तुमच्या सासर-माहेरी कुणी १९६१ च्या आधीचं गोव्यातलं असेल तर आधी ते शोधा.)

आम्ही राहिलो तोर्रेव्हिएहाच्या जवळ, अलिकान्ते विमानतळापासून तासाभरावर. गावाला लागून मिठाचं तळं आहे, गुलाबी पाण्याचं. थंडीचं म्हणाल तर तिथे जानेवारीत दुपारी स्वेटर काढून बसता येतं, पण घरात? फरशी टाइल्सची, हीटिंग नाही, भिंती पातळ. बाहेर सोळा-सतरा अंश आणि आत गोधडी. त्यासाठी नारिंगी रंगाचा ब्युटेनचा सिलिंडर लावायचा, चाकांच्या शेगडीत. सिलिंडरचा ट्रक ठरावीक दिवशी यायचा आणि मी सांगलीच्या वाड्यात असल्यासारखी रिकामा सिलिंडर घेऊन दारात उभी. हे हसायचे, की यासाठी वेंब्लीतलं सेंट्रल हीटिंग सोडून आलो. उन्हाळ्यात उलट, जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी बाहेर पडायचं नाव नाही.

तरी दोन वर्षं छान गेली, हे कबूल करते. भाजी ताजी, चालायला समुद्र, शेजारी इंग्लिश, डच, नॉर्वेजियन. इंग्लिशवर सगळं भागतं असं वाटायला लागलं आणि तिथेच चुकलो, कारण स्पॅनिश शिकायचं राहून गेलं.

जानेवारी २०२४ मध्ये ह्यांना पक्षाघाताचा झटका आला. अ‍ॅम्ब्युलन्स वेळेवर आली, सरकारी हॉस्पिटल उत्तम होतं, एक युरो लागला नाही. पण झटक्यानंतर ह्यांचं इंग्लिश गेलं. चाळीस वर्षं ऑफिसात बोललेलं, सगळं. उरली ती मराठी, तीही लहानपणची. नर्स विचारायची, “दोंदे ले दुएले?” म्हणजे कुठे दुखतंय. हे म्हणायचे, “आये, पाणी दे.” मी मराठीचं इंग्लिश करायची, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची नात इंग्लिशचं स्पॅनिश करायची. ती मुलगी संध्याकाळी सात वाजता घरी जायची. सातनंतर मी त्यांच्या हातावर बोटानं दाखवत बसायची, इथे? इथे? एका रात्री ह्यांना उशी उंच हवी होती, एवढंच. ते कळायला मला आणि दोन नर्सना पाऊण तास लागला. वेंब्लीच्या आसपास कुठल्याही वॉर्डात एखादी गुजराती किंवा मराठी नर्स सापडलीच असती.

तीन आठवड्यांनी ते गेले. तिथे अंत्यविधी साधारण दुसऱ्याच दिवशी होतात. मुलगा पोचला, मुलगी ऑस्ट्रेलियातून पोचू शकली नाही, तिनं फोनवर बघितलं.

मग कागद. नव्या सरकारी पेन्शनमध्ये नवऱ्याची पेन्शन बायकोला लागत नाही, प्रत्येकाची आपापल्या नोंदीवर. कौन्सिलच्या पेन्शनचा निम्म्याच्या आसपास भाग मला आला. म्हणजे घरातलं उत्पन्न निम्म्याहून खाली आणि व्हिसाच्या नूतनीकरणाला एकटीचे २४०० युरो तसेच उभे. दोघांसाठी ३०००, एकटीसाठी १५०० असं नसतं. बँकेतली पुंजी दाखवून कदाचित जमलं असतं, पण मी ते केलं नाही.

म्हणून सांगते, देश निवडताना आज हातात हात घालून समुद्रावर फिरणारे दोघं डोळ्यांपुढे आणू नका. तुमच्यातलं जे मागे राहील त्याला, पंच्याहत्तराव्या वर्षी, त्या देशात एकट्याच्या पेन्शनवर व्हिसा मिळेल का, गाडी चालवता आली नाही तर दुकानात जाता येईल का, आणि कळ कुठे येतेय ते त्याला कुठल्या भाषेत सांगता येईल, हे विचारा. तुमचे मिस्टर की तुम्ही, हेही मोकळेपणानं बोला. आम्ही कधी बोललो नव्हतो, अशुभ वाटायचं.

पुण्याला भाषेचा प्रश्न नाही, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं की कितीही राहता येतं. शेतजमीन विकत घेता येत नाही, त्यामुळे गावाकडे दोन एकर घेऊन आंबे लावायचं स्वप्न असेल तर सातबाऱ्यावर अडेल. वारशानं येते तेवढी येते. परतल्यावर पहिली दोन-तीन वर्षं बाहेरच्या उत्पन्नावर भारतात कर लागत नाही, नंतर पेन्शनवर लागतो. गोव्याचं गणितही हेच, फक्त भाडी जास्त.

मी आता काय करते? हॅरोला एका खोलीचा फ्लॅट घेतलाय, जुन्या घराच्या पैशात तेवढाच आला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सांगलीला नणंदेकडे जाते, फेब्रुवारी संपता संपता परत. माझं राहतं घर इंग्लंडमध्येच आहे, त्यामुळे पेन्शन दर एप्रिलला वाढते आणि एनएचएसचा हक्कही राहतो. प्रवासाचा विमा या वयात महाग पडतो, तो घेतेच. मात्र कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांना मिळणारं पेन्शन क्रेडिट घेत असाल तर इतके महिने बाहेर राहता येत नाही, साधारण चार आठवड्यांची मर्यादा आहे, आणि लपवाछपवी करू नका. तुमच्या जागी मी असते तर लेस्टरचं घर पहिली दोन वर्षं विकलं नसतं. भाड्यानं दिलं असतं, एक हिवाळा पोर्तुगालला आणि एक पुण्याला काढला असता. पोर्तुगालला नव्वद दिवस तर व्हिसाशिवायच मिळतात.

ता. क. परदेशात कायमचं जायचं ठरलंच, तर पेन्शनवाले अधूनमधून हयातीचा दाखला पाठवतात. तो साक्षीदाराची सही घेऊन परत धाडायचा असतो, नाहीतर पेन्शन थांबते. कोल्हापूरच्या स्नेह्यांचं ते पाकीट कुणीतरी रद्दीच्या गठ्ठ्यात ठेवलं होतं. चार महिने पैसे बंद. शेवटी रद्दीवाला तराजू लावून बसलेला असताना वहिनींना गठ्ठ्यातून राजाच्या शिक्क्याचं पाकीट डोकावताना दिसलं.