घर पसरलं म्हणजे एन्ट्रॉपी वाढली का? गोकाकच्या धबधब्यावरून हिशोब

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. घर आवरलं नाही की पसरतं, ती एन्ट्रॉपीच का? आणि एन्ट्रॉपी वाढतच जाते, तर चिकोडीकडच्या मळ्यात मातीतून एवढा रचलेला ऊस उभा कसा राहतो? बेळगावात बीएस्सीच्या मुलांना शिकवताना हेच प्रश्न दर वर्षी येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

"एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था" हे वाक्य आधी बाजूला ठेवा. पाठ करायला सोपं आहे, पण त्यानं एकही गणित सुटत नाही.

बेळगाव जिल्ह्यातला गोकाकचा धबधबा घ्या. घटप्रभा नदी तिथं सुमारे 52 मीटर खाली कोसळते. किलोभर पाण्याला पडताना साधारण 510 ज्यूल ऊर्जा मिळते आणि खाली आपटून, घुसळून ती पाण्याच्याच उष्णतेत जाते. त्यानं पाणी तापतं जेमतेम 0.12 अंश सेल्सिअस. (तुषारांच्या बाष्पीभवनानं पाणी थंडही होतं, ते इथं धरलेलं नाही.) ज्याच्या नावानं हे एकक आहे त्या शास्त्रज्ञ ज्यूलनं 1845 मध्ये नायगारासाठी हाच हिशोब मांडला होता: 160 फूट पडल्यावर फॅरनहाइटचा एक पंचमांश अंश. आपला गोकाक त्या 160 फुटांहून थोडा उंचच भरतो.

आता उलटं बघा. डोहातलं पाणी 0.12 अंश गार होऊन परत कड्यावर का चढत नाही? ऊर्जेची बेरीज चोख जुळते, त्यामुळे उष्मागतिकीचा पहिला नियम (ऊर्जा नष्ट होत नाही) आडवा येत नाही. आडवा येतो तो दुसरा: एकूण एन्ट्रॉपी आपणहून घटत नाही. पडताना सगळे रेणू मिळून एकाच दिशेनं चालले होते. आपटल्यावर तीच ऊर्जा त्यांच्या वाटेल त्या दिशेच्या हालचालीत वाटली गेली. ऊर्जा अशी वाटली जाण्याचे प्रकार अफाट आहेत, सगळ्यांनी एकजुटीनं वर जाण्याचे त्यामानानं नगण्य. या प्रकारांच्या संख्येचा लॉगॅरिदम घेऊन शास्त्रज्ञ बोल्ट्झमनच्या स्थिरांकानं (एक ठरलेला, अतिशय छोटा आकडा) गुणलं की एन्ट्रॉपी मिळते. बोल्ट्झमनच्या व्हिएन्नातल्या कबरीवर हेच सूत्र कोरलंय.

आकडा काढायला शास्त्रज्ञ क्लॉशियसची रीत सोपी: उष्णता भागिले केल्व्हिनमधलं तापमान (सेल्सिअस अधिक 273). 510 भागिले 298, म्हणजे किलोमागे साधारण 1.7 ज्यूल प्रति केल्व्हिन. दिसायला किरकोळ. पण यावरून पाणी आपणहून वर जाण्याची शक्यता काढलीत, तर दशांश चिन्हानंतर द्यायच्या शून्यांचीच संख्या 5 वर 22 शून्यं एवढी होते. निसर्गात "कधीच नाही" याचा अर्थ हा असतो, आणि मला तो फार सुंदर वाटतो.

म्हणूनच गोकाकच्या सूतगिरणीसाठी पाणी आपटायच्या आधीच टर्बाइनवर घेतलं. ऊर्जा तेवढीच, पण आपटून गेल्यावर तिच्याकडून काम करून घेता येत नाही.

उसाकडे येऊ. ऊस एकटा नाही, त्याच्यावर सूर्य आहे. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे 5,800 केल्व्हिन. पृथ्वी तेवढीच ऊर्जा अवकाशात परत सोडते, पण सरासरी 255 केल्व्हिनला. येणाऱ्या एका प्रकाशकणामागे वीसेक अवरक्त (इन्फ्रारेड) कण बाहेर जातात, म्हणजे ऊर्जा तीच आणि एन्ट्रॉपी कितीतरी जास्त. या मोठ्या उलाढालीत उसानं साखर रचताना केलेली घट सहज भरून निघते. नियम एकूण बेरजेचा आहे, एकट्या उसाचा नाही.

घराचं म्हणाल, तर कपडे कपाटात असोत की पलंगावर, त्यांचं तापमान तेच आणि औष्णिक एन्ट्रॉपीही जवळपास तीच. साम्य फक्त मोजणीत आहे: नीट लावण्याच्या रीती थोड्या, पसरण्याच्या पुष्कळ. पण रेणू स्वतःहून सतत हलत असतात, शर्ट हलत नाही. तो कुणीतरी टाकतो. उलट आवरताना तुमच्या अंगातून जी उष्णता खोलीत जाते, तिनं एन्ट्रॉपी खरोखर वाढते.

परीक्षेआधी एक गणित स्वतः करा. 27 अंशांच्या खोलीत शून्य अंशाचा 1 ग्रॅम बर्फ वितळतो, उष्णता 334 ज्यूल. बर्फाची एन्ट्रॉपी 334 भागिले 273, म्हणजे 1.22 नं वाढते. खोलीची 334 भागिले 300, म्हणजे 1.11 नं घटते. निव्वळ वाढ 0.11 ज्यूल प्रति केल्व्हिन. मग खोलीचं तापमान शून्याजवळ आणत जा आणि ही वाढ कुठे पोचते ते बघा. अडलात तर इथंच लिहा.