सत्तरीचे आई-बाबा, दोन लहान मुलं आणि कोकणातले जलदुर्ग: ड्रायव्हरसह गाडी करावी की क्रूझने जावं?

तुम्ही लिहिलंय की डोंबिवलीहून सहा जण निघताय, आई-बाबांनी सत्तरी ओलांडलीय, मुलं आठ आणि अकरा वर्षांची आहेत. डिसेंबरात सहा दिवस हाताशी आहेत आणि समुद्रातले किल्ले, बेटं बघायचीत. त्यासाठी मुंबईहून ड्रायव्हरसकट गाडी करायची, की किनाऱ्याने जाणारी एखादी क्रूझ घ्यायची, असा प्रश्न आहे. मी मालवणजवळ देवबागला राहते. आमच्याकडे पाहुणे उतरतात आणि त्यांच्या गाड्या, होड्या ठरवून देणं हे माझं रोजचं काम आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

क्रूझचं आधी सांगते, कारण ते लवकर संपेल. मुंबई-गोवा क्रूझ मुंबईहून सुटते ती गोव्यालाच लागते. मधल्या हर्णै, जयगड, विजयदुर्ग, मालवण यांतल्या एकाही बंदरात ती थांबत नाही. ती जाते खोल समुद्रातून, त्यात प्रवासाचा मोठा भाग रात्रीचा, त्यामुळे किनारा असा दिसतच नाही. जहाजावरची मजा हवी असेल तर खुशाल जा, पण त्यात कोकण नाही. आंग्रिया नावाच्या बोटीचे व्हिडिओ तुम्हाला अजून सापडतील. ती 2018 साली सुरू झाली होती, आता चालत नाही. मुंबईहून जयगड आणि विजयदुर्गला येणारी रोरो बोट, म्हणजे माणसांबरोबर गाड्याही नेणारी बोट, 2025 मध्ये जाहीर झाली, आणि आम्ही सगळे तिची मनापासून वाट बघत होतो. आमच्या आजोबांच्या पिढीने भाऊच्या धक्क्यावरून बोटीनेच घर गाठलं, बंदरात पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरून किनाऱ्याला लागत. तो जलमार्ग पुन्हा नीट चालावा असं इथल्या प्रत्येकाला वाटतं. तरीही त्या बोटीचं तुमच्या तारखेचं तिकीट प्रत्यक्ष हातात येईपर्यंत सुट्टी तिच्यावर बेतू नका.

आता गाडी. माझं स्पष्ट मत आहे की मुंबईहून गाडी करू नका. रेल्वेने या आणि गाडी इथली घ्या.

याचं साधं गणित आहे. बाहेरगावच्या गाडीला रोजचे किमान किलोमीटर लावतात, बहुतेक ठिकाणी 300. सहा दिवसांचे 1800 किलोमीटर होतात. मुंबई ते मालवण साधारण 500, म्हणजे येऊन-जाऊन हजार, आणि इथलं फिरणं जेमतेम 300. म्हणजे 1300 फिरून 1800 चे पैसे. गाडी आमच्या अंगणात उभी असते त्या दिवसाचंही बिल चढतं, वर ड्रायव्हरचा भत्ता, टोल, पार्किंग. इथली गाडी आठ तास, 80 किलोमीटर अशा हिशोबाने दिवसावारी मिळते, आणि ज्या दिवशी नको त्या दिवशी घ्यायची नाही.

पैशांपेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. रात्रभर मुंबई-गोवा हायवेवर गाडी हाणत आलेला माणूस सकाळी आठला तुम्हाला देवगडच्या वळणांवरून नेणार, हे मला कधीच पटत नाही. आई-बाबांसाठी तर नाहीच. शिवाय इथला ड्रायव्हर होड्या चालवणाऱ्या तांडेलांना ओळखतो. जेट्टीवर वारा किती आहे, होड्या सुटल्या का, हे तो निघायच्या आधी एका फोनवर विचारून घेतो. बाहेरच्या ड्रायव्हरला हे जमत नाही, त्यात त्याचा दोष नाही.

ठाण्याला रेल्वेत बसा. जनशताब्दी, कोकणकन्या, तुतारी या कुडाळला थांबतात, वंदे भारत कणकवलीला. कुडाळहून मालवण तीसेक किलोमीटर, कणकवलीहून त्याहून जरा जास्त. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि डिसेंबरचं भराभर संपतं. जमलं तर नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा सोडून द्या. त्या दिवसांत मालवण जेट्टीवर उभं राहायला जागा नसते आणि म्हाताऱ्या माणसांचे फार हाल होतात.

गाडी ठरवताना अर्टिगावर भागवू नका. ड्रायव्हर धरून सात होतात, मग बॅगा मांडीवर येतात. इनोव्हा घ्या, वर कॅरिअर असलेली. तिसऱ्या रांगेत मुलं, मधे आई-बाबा. नंबराची पाटी पिवळीच हवी, म्हणजे भाड्याचीच गाडी. हंगामात पांढऱ्या पाटीच्या घरगुती गाड्याही भाड्याने फिरतात, दोनतीनशे रुपये कमी सांगतात, पण उद्या काही झालं तर विमा कंपनी हात वर करू शकते. भाड्यात डिझेल, टोल, ड्रायव्हरचं जेवण धरलंय का, जादा तासाला किती, किलोमीटर स्टेशनपासून मोजणार की मालकाच्या दारापासून, हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. आणि एखादी रात्र बाहेर मुक्काम असेल तर ड्रायव्हर कुठे झोपणार ते आधी ठरवा. गाडीतच झोपेल असं कृपया समजू नका. त्याला खोली, पंखा आणि आंघोळीचं पाणी मिळालं पाहिजे. दुसऱ्या दिवशी तुमची सहा माणसं त्याच्या हातात असतात.

यापुढचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. इथला दिवस घड्याळावर बेतायचा नसतो, पाण्यावर बेतायचा असतो. त्याची एक जुनी रीत कालनिर्णय हाताशी असेल तर तुम्हालाही जमेल. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा, म्हणजे साधारण पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, पहाटेही आणि दुपारीही. तिथून सहा तासांनी ओहोटी, म्हणजे नऊच्या आसपास. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. अमावस्या-पौर्णिमेला भरती अकरा-बाराच्या दरम्यान येते आणि पाणी उधाणाचं असतं, चढतंही जास्त, ओसरतंही जास्त. अष्टमीच्या आगेमागे भांगाचं पाणी, चढउतार थोडा. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरा, पण दिवस आखायला एवढं पुरतं.

याचा उपयोग कुठे, तर सगळीकडेच. देवबागच्या संगमावर कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे ज्याला त्सुनामी आयलंड म्हणतात तो वाळूचा पट्टा आहे. ओहोटीला तो कोरडा उघडा पडतो, मुलं मनसोक्त खेळतात. भरतीला तिथेच पाण्यात उभं राहावं लागतं. आम्ही खेळत्या पोरांना हाक मारायच्या आधी तांडेलच सांगतो, "पाणी भरूक लागला, चला आता." तो म्हणाला की निघायचं, पाच मिनिटंसुद्धा मागायची नाहीत. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यालाही हेच. ओहोटीला चालत जाता येतं, पण भांगाच्या दिवसांत पाणी पुरतं ओसरत नाही, आणि उधाणाच्या दिवसांत ओसरतं ते सकाळी किंवा संध्याकाळी सहाच्या सुमाराला. तिथे नुसती ओहोटीची वेळ बघून भागत नाही, तिथीही बघावी लागते.

दुसरा हिशोब वाऱ्याचा. रात्री आणि सकाळी जमिनीवरचे मतलई वारे, तेव्हा समुद्र शांत असतो. दुपारनंतर खारे वारे सुटतात आणि लाटा उठतात. म्हणून सिंधुदुर्ग किल्ला सकाळीच. मालवण जेट्टीवरून होडीने पंधरा-वीस मिनिटं, वर फिरायला साधारण तासभर मिळतो आणि त्याच होडीने परत. महाराजांनी 25 नोव्हेंबर 1664 ला या किल्ल्याचं काम सुरू केलं, 48 एकरांचं बेट आहे, आत आजही वस्ती आहे. चारी बाजूंनी खारं पाणी असताना दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींना गोडं पाणी आहे, ते मुलांना नक्की दाखवा. तासाभरात सगळी तटबंदी होणार नाही. आई-बाबांना घेऊन थेट शिवराजेश्वराच्या मंदिराकडे जा, तिथे सावलीत बसवा, मुलांना तुम्ही फिरवा.

होडीतून उतरवताना एक करा. वयस्कर माणसाचा पंजा धरू नका, मनगट धरा. ओला पंजा सुटतो. होडी खाली गेली असताना पाय टाकायचा नाही, ती वर येईपर्यंत थांबायचं आणि पायरीच्या पातळीला आली की एकच पाऊल. खालचा खलाशी कमरेला आधार देतो, वरचा मनगट धरतो. आईंना साडीपेक्षा सलवार सोपी पडेल, आणि पायात मागे पट्टा असलेली चप्पल. लाइफ जॅकेट सगळ्यांना घालायचं, बाबांनी "मला पोहता येतं" म्हटलं तरी घालायचं. मुलांना मुलांच्या मापाचंच मागा. मोठ्या मापाचं जॅकेट पाण्यात वर सरकतं आणि मूल खाली राहतं. 18 डिसेंबर 2024 ला मुंबईत घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली, जीव गेले. त्या दिवशी समुद्राची काही चूक नव्हती, तरी झालं. होडीवर किती माणसं घ्यायची परवानगी आहे ते विचारा, आणि जास्त भरत असतील तर खाली उतरा. पुढची होडी येते.

गुडघे अगदीच दुखत असतील तर बाबांना किल्ल्याचा हट्ट करू नका. देवबागला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. खाडीतली फेरी संथ असते, कांदळवन, पक्षी, कडेची माडांची रांग सगळं बसल्या जागी दिसतं. आणि विजयदुर्ग बघाच. त्याला तिन्ही बाजूंनी पाणी आहे पण गाडी जवळपर्यंत जाते, होडी लागत नाही. मालवणहून अडीच तास धरा, वाटेत कुणकेश्वर होतं. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग दोन्ही 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले, मुलांना शाळेत सांगायला बरं.

मुरूडचा जंजिरा मात्र या खेपेला नको. राजपुरीहून शिडाच्या होडीने जातात, ते सुंदरच आहे, पण दरवाजापाशी हलत्या होडीतून पायरीवर चढणं सत्तरीच्या माणसांना अवघड जातं. शिवाय तो रायगड जिल्ह्यात, आमच्यापासून फार लांब. सहा दिवसांत दोन्ही टोकं करायला गेलात तर सगळा वेळ गाडीतच जाईल.

पुढे कधी तुम्ही चौघेच असाल तेव्हा उत्तरेकडून या. कोकणची खरी क्रूझ मी त्याला म्हणते. भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रोरोने तासाभरात मांडवा, मग अलिबाग, मुरूड, आगरदांडा-दिघी फेरीबोट, हरिहरेश्वरच्या पुढे बागमांडला-वेशवी, हर्णैला सुवर्णदुर्ग, दाभोळ-धोपावे, गुहागर आणि शेवटी तवसाळ-जयगड. प्रत्येक खाडी गाडीसकट बोटीने ओलांडायची, वरती कठड्याला उभं राहून बघायचं. दाभोळची फेरीबोट 2003 पासून चालते, नाहीतर चिपळूणचा वळसा पडतो. शेवटची फेरी किती वाजता ते दरवेळी आधी विचारून निघायचं.

परतीला गोव्यातल्या मोपाहून विमान घ्यायचा विचार असेल तर इथला ड्रायव्हर सोडायला येईल, पण गाडीला ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे ना, हे बुकिंगच्या वेळीच विचारा. तारखा नक्की झाल्या की इथेच खाली लिहा, तिथी बघून कुठल्या दिवशी किल्ला आणि कुठल्या दिवशी संगम ते सांगते.